पगारातून कापलं, पण भरलं का?

पहिला पगार खात्यावर जमा झाला की मित्रांना पार्टी देण्याआधी ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन पगाराची स्लिप मागा. "पैसे आले ना, मग स्लिप कशाला?" असं उत्तर मिळालं तरी मागा. छापील नसेल तर मोबाईलवर पीडीएफ मागा. पुढचं सगळं त्या कागदावरून सुरू होतं.

मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेबर कन्सल्टंटकडे काम करते. आसपासच्या लहान-मोठ्या कारखान्यांची आणि ठेकेदारांची हजेरी आमच्याकडे येते. तिच्यावरून पगारपत्रक करायचं, पीएफचा ईसीआर (कुणाचे किती भरले त्याचं महिन्याचं ऑनलाइन विवरण) चढवायचा, ईएसआयसीचं (कामगार राज्य विम्याचं) चलान काढायचं, हे माझं रोजचं काम. समोर येणारी पोरं-पोरी वीस-पंचवीस वर्षांची असतात. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याची, सिन्नरची, काही बिहार-यूपीची. पूर्वी नवीन आलेल्याचा एकच प्रश्न असायचा, हातात किती येणार? आता त्याला जोडूनच विचारतात, "ताई, पीएफ आहे ना? ईएसआयसीचं कार्ड कधी मिळेल?" ज्या ठेकेदाराकडे या दोन्ही गोष्टी वेळेवर होतात, त्याच्याकडे हजार-पाचशे कमी मिळाले तरी पोरं टिकतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, म्हणून हे लिहिते आहे.

स्लिप कशी वाचायची

हिशेब सोपा व्हावा म्हणून बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये पगार आहे आणि वर काहीच भत्ता नाही, असं धरू. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातील. ईएसआयसीचे पाऊण टक्का म्हणजे ११३. पुरुष असाल तर पी.टी., म्हणजे व्यवसाय कर, २०० (फेब्रुवारीत ३००). बाईला महिना २५,००० पर्यंत हा कर नाही. पुरुषाच्या हातात १२,८८७ येतील. बहुतेक जण इथेच थांबतात आणि "दोन हजार गेले" म्हणतात.

आता स्लिपवर बहुधा न दिसणारी दुसरी बाजू बघा. मालकानेही तुमच्या नावावर १,८०० भरायचे असतात. त्यातले १,२५० पेन्शन खात्यात आणि ५५० तुमच्या पीएफमध्ये जातात. ईएसआयसीचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८, तोच भरतो. शिवाय अर्धा टक्का विम्याचा, ७५ रुपये. त्या ७५ रुपयांवर, नोकरीत असताना तुमचं काही बरंवाईट झालं, तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. ईडीएलआय म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं पीएफ भरणाऱ्या माणसालाही हे माहीत नसतं.

काही ठेकेदार मालकाचा वाटाही कामगाराच्याच हातच्या पगारातून वळता करतात आणि "२४ टक्के कापतात, नियमच आहे" असं सांगतात. असा नियम नाही. मालकाचा वाटा ठरलेल्या मजुरीतून कापता येत नाही. नोकरी धरताना "सीटीसी (म्हणजे मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च) किती" यापेक्षा "बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) किती" हे विचारा. बेसिक मुद्दाम कमी ठेवायचं आणि बाकी रक्कम कसल्या कसल्या भत्त्यांत दाखवायची, ही पीएफ वाचवण्याची जुनी युक्ती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची, असं आहे. नेमणूकपत्र देणंही आता बंधनकारक आहे. तेही मागा.

पी.टी.च्या २०० रुपयांबद्दल थोडं सांगते, कारण त्याची सगळ्यात जास्त कुरकुर होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला, नाले-रस्त्यांच्या कामावर गेली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्या काळात उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला, तो त्यासाठीच. शहरातल्या पगारदाराने गावाकडच्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून दिलेला वाटा आहे तो. माझ्यासमोर बसणाऱ्या कित्येक पोरांचे आजी-आजोबा दुष्काळात त्याच कामांवर होते. हा कर बसला म्हणून ना कारखाने बंद पडले, ना बाजार थांबला.

जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर २५ रुपयांची एक कपात दिसेल. ती कामगार कल्याण निधीची, मालक तिच्यावर ७५ घालतो. मुलांच्या शिष्यवृत्त्या वगैरे त्यातून मिळतात. कापतात तर अर्ज करायलाही जा.

पोरं हे का मागतात

आमच्या घरात माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात पर्मनंट होते. युनियन होती, करार व्हायचे, सिडकोतलं घर पीएफची उचल काढून झालं. रिटायर होताना ग्रॅच्युइटी मिळाली. त्यांच्या पिढीने या गोष्टी वेगळ्या मागितल्याच नाहीत, कारण पर्मनंटच्या ऑर्डरबरोबर त्या आपोआप यायच्या. शिवाय गावाकडे थोडी का होईना जमीन होती, काही झालं तर परत जाता यायचं. आताच्या पोराच्या वाट्याला त्या जमिनीचे चार तुकडे झाल्यावरचा एक येतो. कारखान्यात तो ठेकेदाराचा माणूस. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तेच मशीन, तेच काम. म्हणून वडिलांच्या पिढीला न मागता मिळालं, ते त्याला स्वतः विचारून, तपासून घ्यावं लागतं.

त्यात २०२० चा लॉकडाऊन त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्या मार्चमध्ये सरकारने पीएफमधून उचल काढायची सवलत दिली. शिल्लक रकमेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा पगार, यातलं जे कमी असेल ते. ज्यांचं पासबुक नीट होतं त्यांनी मोबाईलवरून अर्ज केला आणि खोलीभाडं, किराणा भागवला. शेजारच्याच मशीनवर काम करणाऱ्याने पासबुक उघडलं, तर ठेकेदाराने काहीच भरलेलं नव्हतं. दोघांचा पगार एक, कामाचे तास एक. हे ज्याने बघितलं, त्याला सामाजिक सुरक्षा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

सरकारी नोकरीतही तेच. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत संप झाला, तेव्हा शाळा-ऑफिसांतली ही अलीकडे लागलेली मंडळीच सर्वांत पोटतिडकीने बोलत होती. मला स्वतःला वाटतं, त्यांची काळजी खरी आहे, पण अंबडच्या हेल्परची मागणी त्याहून कितीतरी लहान आहे आणि ती आधी पुरी व्हायला हवी. त्याचं म्हणणं इतकंच की माझ्या नावावर कापलेलं माझ्या नावावर भरा, मी आजारी पडलो तर घर चालू द्या.

घरातल्या काका-मामांशी याच मुद्द्यावर वाद होतो. "तुम्हाला सगळं फुकट पाहिजे," असं ते म्हणतात. त्यांना स्लिप दाखवा. दर महिन्याला स्वतःचे १२ टक्के आधी जातात, मग मालकाचे येतात. यात फुकट काय आहे? आणि ही पोरं कारखाना सरकारने चालवावा, असं कुठेच म्हणत नाहीत. त्यांना खाजगी नोकरीच हवी असते, ओव्हरटाइम हवा असतो, दोन हजार जास्त मिळाले तर ती पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत जातात. कित्येकांना पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकायचं आहे. आजारपणात घर विकावं लागणार नाही एवढी खात्री असली, तर असं धाडस करता येतं. ईएसआयसीची योजनासुद्धा खाजगी गिरण्या-कारखाने डोळ्यांसमोर ठेवूनच आखली गेली. प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कायदा १९४८ चा.

पीएफ तपासताना

यूएएन हा पीएफ खात्याचा बारा आकडी नंबर जन्मभर एकच राहतो. पहिल्या नोकरीत तो तयार होतो. उमंग ॲपवर आधार आणि चेहरा दाखवून तो चालू करून घ्या. मग पासबुक उघडा. महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणजे एप्रिलच्या पगाराचे १५ मेपर्यंत. ते पासबुकात दिसायला थोडे दिवस जातात, म्हणून पहिल्या आठवड्यातच घाबरून फोन करू नका. महिनाअखेरीस मात्र नोंद दिसलीच पाहिजे.

नुसती नोंद आहे एवढ्यावर समाधान मानू नका, रकमेकडे बघा. पासबुकात "कर्मचाऱ्याचा वाटा" म्हणून जो आकडा आहे त्याला १०० ने गुणा आणि १२ ने भागा. १,०८० दिसत असतील तर उत्तर येतं ९,०००. म्हणजे ठेकेदाराने तुमचा पगार नऊ हजार दाखवलाय. स्लिपवर पंधरा असेल तर सहा हजार दडवले. हे करायची नेहमीची पद्धत म्हणजे खाडे दाखवणं. ईसीआरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे "एनसीपी डेज" असा रकाना असतो, किती दिवस कामावर नव्हता ते तिथे भरायचं. माणूस २६ दिवस कामावर असतो आणि रकान्यात दहा-अकरा खाडे पडतात. एकदा एका ठेकेदाराची हजेरी माझ्याकडे आली, तेव्हा पंचवीस-तीस जणांचे सगळ्यांचे खाडे सारखेच होते. इतकी माणसं एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. मी मूळ मस्टर (हजेरीपट) मागवल्याशिवाय ईसीआर चढवला नाही. पण प्रत्येक ऑफिसात असं होईलच, असं धरून चालू नका. दर महिन्याचे हजर दिवस स्वतःच्या वहीत लिहा.

दुसरी मोठी अडचण नावाची. ज्ञानेश्वर नावाच्या मुलाने मला रडकुंडीला आणलं होतं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. आधारवर त्याचं इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय ने सुरू होतं, दहावीच्या सर्टिफिकेटवर जी-वाय ने, आणि आधीच्या ठेकेदाराने पीएफला आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव गायब, असं चढवलं होतं. पैसे होते, पण काढायला गेलं की अर्ज परत. बहिणीच्या लग्नासाठी हवे होते, तारीख जवळ येत चाललेली. शेवटी जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि मालकाने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज, भरून दुरुस्ती झाली. त्यासाठी जुन्या ठेकेदाराची मंजुरी लागली आणि तो ऑफिस हलवून गेलेला. म्हणून सांगते, नोकरी लागली त्याच महिन्यात यूएएनवरचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर ठेकेदार समोर आहे तोवर दुरुस्त करा. ज्ञानेश्वर, प्रज्ञा, ऋषिकेश, वैष्णवी, या नावांची स्पेलिंगं हमखास दोन-तीन तऱ्हांनी होतात.

ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढू देऊ नका. जुना नंबर द्या आणि आधीचं खातं नव्यात वर्ग झालं का ते बघा. हे नुसतं पैशांपुरतं नाही. पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते आणि ती वेगवेगळ्या ठेकेदारांकडची मिळून मोजली जाते. दर ब्रेकला फॉर्म १९ (पीएफ काढायचा) आणि १०सी (पेन्शनचा हिस्सा काढायचा) भरून सगळं काढून घेतलंत, तर पेन्शनची मोजणी पुन्हा शून्यापासून. आणि इथे मला पोरांची बाजूही मांडायची आहे. ब्रेकमध्ये दोन महिने पगार नसतो, खोलीमालक थांबत नाही, म्हणून ती पैसे काढतात. उधळपट्टी करतात असं म्हणणाऱ्यांना दर सात महिन्यांनी ब्रेक घेत घर चालवायचं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तरी जमेल तिथे उचल काढा, खातं बंद करू नका. पेन्शनचा हिस्सा काढण्याऐवजी त्याच १०सी फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, त्यात तुमची झालेली वर्षं शाबूत राहतात.

ती पेन्शन फार मोठी आहे असं मी म्हणणार नाही. १५,००० गुणिले वर्षं भागिले ७०, असं सूत्र आहे. वीस वर्षं किंवा जास्त नोकरी झाली की दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणजे तीस वर्षं झाली तर महिना ६,८५७ रुपये. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजारावर अडकलेली आहे. ईपीएस-९५ (पीएफची हीच पेन्शन योजना) च्या पेन्शनरांनी ती ७,५०० करा म्हणून आंदोलन चालवलं आहे, त्याचं मोठं केंद्र आपल्याकडचं बुलढाणा. सत्तरीतली माणसं उन्हात बसतात. हा लढा नातवंडांच्या वयाच्या कामगारांचाही आहे, कारण सूत्र तेच त्यांना लागू होणार आहे.

वारसाचं नाव ऑनलाइन भरा, ई-नॉमिनेशन. लग्नाआधी आईचं नाव लावलं असेल तर लग्न होताच ते नॉमिनेशन रद्द होतं, पुन्हा भरावं लागतं. लग्नाच्या गडबडीत हे राहून जातं आणि मग एखादी तरुण बाई कडेवर मूल घेऊन ऑफिसात येते, तेव्हा एकेक कागद गोळा करण्यात तिचे महिने जातात.

ईएसआयसी: पहिल्याच दिवशी नंबर मागा

महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी लागू. कामावर लागल्यापासून दहा दिवसांच्या आत नोंदणी करायची मालकाला मुभा आहे, पण तुम्ही दहा दिवस थांबू नका. आमच्या भागात प्रेस शॉप खूप. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर बोटं जातात, आणि जातात ती बहुतेक नव्या पोरांची, ज्यांना मशीनचा अंदाज आलेला नसतो. एका मुलाचं उजव्या हाताचं पहिलं बोट नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात गेलं. ठेकेदाराने नोंदणी केलेली नव्हती. माणूस हॉस्पिटलात आणि ठेकेदाराचा माणूस आमच्या दारात, कालची तारीख टाकून नंबर काढून द्या म्हणत. पोर्टलवर नोंदणीची वेळ उमटते, तारीख मागे नेता येत नाही. मुलाला हक्क मिळाला, पण कागदांची लढाई लांबली. कामावर असताना झालेल्या अपघाताला किती दिवस वर्गणी भरली हे बघितलंच जात नाही, पहिल्या दिवसाचा कामगारही पात्र असतो. उपचार पूर्ण, बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं, तिच्यानुसार जन्मभर दरमहा रक्कम. पहिलं बोट पूर्ण गेलं तर कायद्याच्या तक्त्यात ते १४ टक्के धरलं आहे. अपघात झाला की त्याच दिवशी अपघात रजिस्टरमध्ये नोंद आणि ईएसआयसीकडे रिपोर्ट गेला का, हे मित्रांनी बघायचं. ज्याला लागलंय तो ते बघू शकत नाही.

घरून कामावर येताना-जाताना झालेला अपघातही यात बसतो, २०१० च्या दुरुस्तीपासून. रात्रपाळी करून पाथर्डी फाट्याकडून मोटारसायकलवर जाताना कुणी पडलं, तर "रस्त्यावरचा अपघात, कंपनीचा संबंध नाही" असं कुणी म्हटलं म्हणून गप्प बसू नका.

साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. अट अशी की एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. पहिल्या सहामाहीतल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, दुसरीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. खोटे खाडे दाखवले की हे ७८ दिवस भरत नाहीत, तिथे खरा फटका बसतो. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांना ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार, त्यासाठी आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवस पुरतात. सहामाहीच्या मध्येच पगार वाढून २१,००० च्या वर गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात आणि लाभ दोन्ही चालू राहतात. वाढ मिळाली म्हणून लगेच कार्ड फेकू नका.

कार्डावर घरच्यांची नावं चढवा. आई-वडिलांचं उत्पन्न महिना ९,००० च्या आत असेल आणि ते तुमच्यावर अवलंबून असतील, तर तेही येतात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वडिलांची शुगरची औषधं त्यात होतात. दवाखान्यात रांग असते, औषध कधी बाहेरून आणा म्हणतात, हे मी नाकारत नाही. तरी मोठा आजार आला की हेच कार्ड घर वाचवतं. ईएसआयसी नसेल तर रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, दाखल होतानाच त्याला गाठा.

भरलंच नसेल तर

आधी ठेकेदाराला लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर विचारलं तरी चालेल, उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. मग ज्या कंपनीत प्रत्यक्ष काम करता तिच्या एचआरला सांगा, कारण ठेकेदाराने बुडवलेला पीएफ भरायची जबाबदारी मुख्य मालकावरही येते. कंपन्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून इथेच बरीच कामं होतात. नाही झालं तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात "निधी आपके निकट" हा शिबिराचा दिवस असतो, तिथे जा. स्लिपा, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, गेटपास, ओळखपत्र, शिफ्टचे मेसेज, हजेरीची वही, एवढं बरोबर न्या. कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, नुसती दिरंगाई नाही. शक्य तर दहा जणांनी मिळून जा. एकट्याला कामावरून काढणं सोपं असतं.

ज्यांना स्लिपच नाही

जेवण-किराणा पोचवणारी, रिक्षा-कॅब चालवणारी मुलंही येऊन विचारतात, ताई आमचं काय? त्यांना ठेकेदारसुद्धा नाही, समोर ॲप आहे. तरी काही गोष्टी आज करता येतात. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा आणि काम सांगताना प्लॅटफॉर्मचं काम करतो हे नमूद करा. बँकेत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा चालू करा, दोन्ही २ लाखांचे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता जात नाही आणि विमा तुटतो. आयकर भरत नसाल आणि वय चाळिशीच्या आत असेल तर अटल पेन्शन बघा. साठीनंतर महिना ५,००० हवे असतील तर अठराव्या वर्षी सुरू केल्यास महिना २१० रुपये पडतात, पंचविशीत ३७६, तिशीत ५७७. जितक्या लवकर, तितकं स्वस्त.

वर सांगितलेल्या चार संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांचं नाव पहिल्यांदा आलं. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, कर्नाटकने २०२५ मध्ये. "असं केलं तर धंदा बुडेल," असं कुणी म्हटलं, तर त्याला नाशिकच्या मार्केट यार्डात घेऊन जा. माथाडी कायदा १९६९ चा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढून मिळवलेला. हमालाचा एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरी मंडळाकडे नोंद होते, मजुरीवर टक्केवारीने लेव्ही जमा होते, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी भागतं. डिलिव्हरीच्या पोराची स्थिती हुबेहूब हीच आहे. लेव्हीवरून भांडणं होतात, एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-लेव्हीच्या कपातीवरून जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की व्यापाऱ्याने द्यायची, हा वाद खरा आहे आणि माझ्या मते ती शेतकऱ्याच्या माथी मारता कामा नये. पण पन्नासहून जास्त वर्षं लेव्ही भरूनही बाजार चालू आहे, कांदा देशभर जातो आहे.

म्हणून ॲपवर काम करणाऱ्यांनी दर आठवड्याच्या कमाईचा स्क्रीनशॉट, किती ऑर्डर, किती दिवस, तारखेसकट जपून ठेवायचा. कंपनीने आयडी बंद केला की ॲपमधला सगळा इतिहास दिसेनासा होतो. तो ईमेलवर स्वतःलाच पाठवा, आणि त्याच ईमेलमध्ये ई-श्रमचं कार्ड, विम्याच्या पावत्या आणि वारसाचं नावही टाका. त्या ईमेलचा पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत असू द्या.